कडी लावलेला रुपया

माझ्या पेटीत चांदीची दोन नाणी शेजारीशेजारी ठेवली आहेत.

पहिलं १५० रुपयांचं, बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीवर्षाचं. बिरसांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७५ चा. जमीन आणि जंगलावरच्या हक्कासाठी त्यांनी इंग्रजांविरुद्ध उलगुलान, म्हणजे मोठं बंड, पुकारलं आणि ९ जून १९०० ला, वयाची पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, रांचीच्या तुरुंगात ते वारले. त्यांचं नाणं मी प्लॅस्टिकच्या डबीत जपतो. असं स्मारक नाणं बाजारात फिरत नाही. बोटाचा डाग पडला तरी संग्राहकाचा जीव हळहळतो.

दुसरा १८६२ सालाचा, राणी व्हिक्टोरियाचा रुपया. शहाद्याच्या एका सराफाकडे मोडीत आला होता, तिथून मी घेतला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बायका असे रुपये माळेत ओवून गळ्यात घालत आल्या. एक रुपया म्हणजे एक तोळा, त्यात अकरा हिस्से चांदी आणि एक हिस्सा भेसळ. १९४० साली चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली रुपया निकेलचा झाला. म्हणून जुन्या रुपयाला मान. होळीला तो अंगावर मिरवायचा आणि अडीनडीला माळेतून एकेक काढून विकायचा. माझ्याकडचा रुपयाही कुणाच्या तरी अशाच अडचणीतून सुटून आला असणार.

त्याच्या माथ्यावर डाग देऊन बसवलेली कडी आहे. संग्राहकांच्या लेखी ते नाण्याचं व्यंग. ‘कडी काढून घासून घे, भाव येईल,’ असं एकाने सुचवलं. मी भिंगाखाली धरून पाहिलं. राणीचं नाक सपाट झालंय, गाल गुळगुळीत, मुकुट जेमतेम ओळखू येतो. बिरसा तुरुंगात वारले तेव्हा हीच राणी गादीवर होती. तिचा हा चेहरा कुणा शस्त्राने पुसलेला नाही. डोंगर चढताना, लाकडाची मोळी आणताना, पोर कडेवर घेताना एका बाईच्या गळ्यात हिंदकळून तो झिजला. कडी मी तशीच ठेवली.

मागच्या होळीला दोन्ही नाणी घेऊन सातपुड्यात धडगावकडे गेलो. ओळखीच्या घरातल्या शाळकरी पावरा मुलीच्या तळहातावर बिरसांचं नाणं डबीतून काढून ठेवलं. तिने त्यांच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, नाणं उलटंपालटं केलं, मग आजीच्या गळ्याशी धरून पाहिलं.

घरी आल्यावर बघितलं, अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो मी पुसला नाही.