खिडकीशी धरलेली परीक्षानळी

आम्ही ऐंशीच्या दशकात मिरजेला डॉक्टरकी शिकलो आणि सातारा-सांगलीच्या ग्रामीण रुग्णालयांत नोकरीला लागलो. जळालेला देह शवविच्छेदनाला आला की पहिला प्रश्न एकच असायचा: आग लागली तेव्हा माणूस जिवंत होता का? श्वासनलिका उघडून आत काजळी बघायची, मग रक्त. एका नळीत त्या देहाचं, दुसरीत कुणा धडधाकट माणसाचं. दोन्ही पाण्यानं पातळ करायची, कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडायचे आणि नळ्या खिडकीशी धरायच्या. साधं रक्त हिरवट तपकिरी पडे. कार्बन मोनॉक्साइड मुरलेलं रक्त लालच राही. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, ती पकड सोड्यालाही लवकर सुटत नाही. जर्मनीच्या होपे-झायलरची एकोणिसाव्या शतकातली ही चाचणी आम्ही श्वास रोखून बघायचो.

आता यंत्राला चार थेंब पुरतात आणि वायूनं धरलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी छापून येते. पन्नासच्या पुढचा आकडा बहुधा जीवघेणा. आमच्या डोळ्यांना आकडा कधीच दिसला नाही, लाल किंवा तपकिरी एवढंच दिसलं. वायू थोडा असला तर तेही नाही, आणि पावसाळी अंधारात तर दोघांची दोन मतं व्हायची. त्या काळी 'स्टोव्हचा भडका उडाला' या एका वाक्यावर किती सुनांचे पंचनामे मिटले! त्या दिवसांची आठवण गोड करून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आणि २५ जानेवारी २००५. मांढरदेवीच्या डोंगरावर यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. अडीचशेहून अधिक माणसं गेली. कोण तुडवलं गेलं, कोण भाजलं, कोण धुरानं गेलं? एवढ्या देहांपुढे एकेक नळी खिडकीशी धरून कुणाला पुरं पडलं असतं?

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तपासणीला पाठवायच्या रक्ताची बरणी बंद झाली की मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, थेंब दोऱ्याच्या गाठीवर पाडायचे, थिजायच्या आत पितळी मोहर दाबायची. त्याच मोहरेचा ठसा कागदावर घेऊन सोबत द्यायचा. हवालदार ती पेटी मांडीवर धरून एसटीनं पुण्याला जायचा. मग महिनोन्‌महिने तिथल्या प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीच्या, म्हणजे सीए रिपोर्टची वाट. घरचे लोक बाजारच्या दिवशी येऊन बाकावर बसत, "साहेब, आला का रिपोर्ट?" विचारत, आणि बोलता बोलता माणूस गेला ती खोली कशी होती ते सांगत. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती, वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, असं एका आजीनं मला सांगितलं. त्या बाळंतिणीच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती, फक्त त्वचेवर तो चेरीसारखा लालसर रंग. शेक देणाऱ्या हातांनीच ती खोली बंद केली होती.

आता कोल्हापुरातही प्रयोगशाळा आहे, ते चांगलंच झालं. पण बाकावर बसून खोली सांगणारं माणूस आणि ती ऐकायला थांबणारा डॉक्टर, दोघंही कमी झाले.

लहानपणी आमच्या परसात अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. धुरानं डोळे चुरचुरायचे, आई ओरडायची, सगळे खोकायचे आणि मोकळ्या हवेत पळायचे. तो धूर वाईटच होता, पण तो सांगून यायचा. आज न्हाणीघराच्या बंद दाराआड गॅसचा गिझर जळतो. ज्योत छान निळी दिसते, आणि जळून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. अंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर येत नाही आणि घरचे म्हणतात, चक्कर आली असेल.

आज घरी गेलात की तो गिझर बघा. आत असेल तर बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या. त्याला चार दिवस लागणार असतील तर तोवर गिझर बंद ठेवा आणि पाणी उघड्यावरच्या चुलीवर तापवा.