एक कॅच, दोन टाइपएरर

जावास्क्रिप्टचा कॅच म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन. कुरिअरवाला येवो, पाहुणा येवो की चोर, वही एकच! जावावाल्यांचं बरं असतं हो, एका ट्रायखाली चार कॅच, ज्याचं त्याने बघावं. इकडे १९९९ साली ईसीएमएस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत ट्राय-कॅच आलं तेव्हापासून एका ट्रायला एकच कॅच. मोझिलाने कॅचच्या कंसात इफ लिहायची सोय केली होती, पण ती स्टँडर्डमध्ये कधी आलीच नाही आणि २०१८ मध्ये फायरफॉक्समधूनही गेली. त्यामुळे आत शिरल्यावर इन्स्टन्सऑफ लावून ओळखपरेड करायची.

आता ही परेड कशी फसते बघा. मागच्या महिन्यात आमच्याकडे दुसऱ्या टीमचा कोड आला, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायच्या पानाचा. तक्रार अशी, की काही पेशंटना सारखं 'इंटरनेट कनेक्शन तपासा' दिसतंय. बिचारे राउटर बंद-चालू करून थकले, अपॉइंटमेंट काही मिळेना. प्रत्यक्षात सर्व्हरचं उत्तर व्यवस्थित येत होतं. फक्त नवीन डॉक्टरांच्या माहितीत वेळांची यादीच नव्हती, आणि कोड त्या नसलेल्या यादीची लेंग्थ विचारत होता. म्हणजे टाइपएरर. आणि गंमत अशी, की नेट खरंच बंद असेल तर फेचसुद्धा टाइपएररच देतो! कॅचमध्ये लिहिलेलं, टाइपएरर असेल तर नेटवर्कचा मेसेज दाखवा. झालं...

(उलट सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिलं तर फेच चकार शब्द काढत नाही, रिस्पॉन्सचं ओके आपणच तपासायचं. याला काय म्हणावं!)

असो. आम्ही ट्राय लहान केला. त्यात फक्त फेचची ओळ. तिथे पकडलेला एरर स्वतःच्या नेटवर्कएरर नावाच्या क्लासमध्ये गुंडाळून पुढे थ्रो करायचा, मूळ एरर कॉजमध्ये ठेवून (ही सोय स्टँडर्डमध्ये २०२२ ला आली). मग वरच्या कॅचचं काम सोपं. नेटवर्कएरर असेल तर कनेक्शन तपासायला सांगा. नसेल तर सगळं लॉगमध्ये लिहा, 'आमच्याकडे काहीतरी बिघडलंय' असं सरळ सांगा आणि क्लिनिकचा फोन नंबर दाखवा.

टीममधला एकजण म्हणाला, "आपलं बिघडलंय हे पेशंटला कशाला सांगायचं?"

अरे, अंगात ताप असताना तो राउटरशी झटापट करत बसण्यापेक्षा फोन करून नंबर तरी लावेल ना!