डबी किती वाजता भरली?

आदिलाबादच्या आमच्या लॅबमध्ये लघवीची डबी खिडकीतून आत आली की मी आधी वेळ विचारतो. मराठी, तेलुगू, गोंडी, समोरच्याला जी कळेल तिच्यात. "सकाळीच धरली की," उत्तर येतं, आणि घड्याळात एक वाजून गेलेला असतो. उटनूरकडून बसने, मे महिन्याच्या उन्हात आलेली डबी! ई. कोलाय हा जंतू उबेत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. 1956 मध्ये बोस्टनच्या एडवर्ड कासने इन्फेक्शन मानायला मिलिलिटरमागे एक लाख जंतूंची रेघ आखली, ती ताज्या लघवीसाठी. शिळ्या लघवीत चार चुकार जंतूही ती सहज ओलांडतात.

झटपट तपासणी म्हणजे बहुतेकांना पट्टी. बुडवा, निथळवा, दोन मिनिटं थांबा. नायट्राइटचा चौकोन गुलाबी झाला तर जंतू बहुधा आहेतच. पण नायट्रेटचं नायट्राइट करायला जंतूंना मूत्राशयात चारेक तास मिळावे लागतात. शेतात आडोसा नाही म्हणून कापूस वेचताना दुपारभर लघवी दाबून धरणाऱ्या बाईची पट्टी रंगते. जळजळीने दर अर्ध्या तासाला जाणारीची कोरी राहू शकते. एंटेरोकोकस तर नायट्राइट करतच नाही. त्यात पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं, की पट्ट्या आपोआपच गुलाबी!

माझा भरवसा ग्रॅम स्टेनवर. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेल्या लघवीचा थेंब काचेवर वाळवायचा, रंगवायचा, तेल टाकून शंभराच्या भिंगाखाली धरायचा. दर फील्डला एखादा जंतू दिसला तर हिशेब लाखाच्या आसपास जातो. गुलाबी दांडकी आणि त्यांच्या शेजारी पस सेल्स, हे चित्र इन्फेक्शनचं. दांडकी भरपूर, पस सेल्स नाहीत आणि मोठ्या चपट्या पेशींचा सडा पडलेला, तर मी आधी डबीवरच संशय घेतो आणि ताजी लघवी मागतो. लोक वैतागतात. वैतागू देत. मोठ्या शहरांत जंतू मोजणारी यंत्रं आहेत, पण तीही डबीत जे आलं तेच मोजणार.

जंतू वाढवून बघायचं ते कल्चर; त्याचा रिपोर्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो. गरोदर बाईला त्रास नसला तरी ते करायला हवं; तिथे कोऱ्या पट्टीवर विसंबू नये.

तेव्हा पहिली धार सोडा, मधली धरा, अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी धरा आणि दोन तासांत पोचवा. गाव लांब असेल तर घरून आणूच नका. लॅबमध्ये येऊन डबी मागा.