एल्फ कुठे येतात?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी वाचलंय, असं मी सोळा वर्षं लोकांना सांगत होतो. पहिल्या दोनशे पानांच्या पुढे मी गेलो नव्हतो. हे खोटं नुसतं बोललो असतो तर कदाचित विसरूनही गेलो असतो. पण मी ते एका पंधरा वर्षांच्या मुलीला गप्प करायला वापरलं, आणि ती माझी मावसबहीण होती.

२००४ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, कॉट बेसिसवर राहत होतो. पीटर जॅक्सनच्या तीन चित्रपटांपैकी शेवटचा, 'रिटर्न ऑफ द किंग', आम्ही थिएटरात पाहिला होता. २९ फेब्रुवारीला त्याला ऑस्कर मिळाली, अकरा नामांकनांपैकी अकरा. तेवढी ऑस्कर त्याआधी 'बेन-हर' आणि 'टायटॅनिक' या दोघांनाच मिळाली होती, आणि त्यांचीही काही नामांकनं हुकली होती. रात्रीचं जेवण झालं की अमृततुल्याच्या बाहेर आमचा कट्टा भरायचा आणि विषय एकच असायचा : तिघांत भारी कोणता?

वाद खरा होता, त्यात जीव होता. 'फेलोशिप ऑफ द रिंग'वाले म्हणायचे, नऊ जण एकत्र निघतात त्यातली मजा पुढे कुठेच नाही. मोरियाच्या अंधारातला तो पूल, आणि शेवटी बाण लागत असतानाही लढत राहणारा बोरोमिर. 'टू टॉवर्स'वाल्यांकडे गॉलम होता. एकाच तोंडाने दोन जणांसारखं स्वतःशीच भांडणारा गॉलम त्याआधी पडद्यावर कोणी पाहिलाच नव्हता. शिवाय हेल्म्स डीपच्या लढाईची ती पावसातली रात्र. मी 'रिटर्न'वाला. डोंगरमाथ्यांवर एकामागून एक पेटत जाणाऱ्या त्या मशालींच्या दृश्यावर आजही माझ्या अंगावर काटा येतो, त्यामुळे माझं मत खोटं नव्हतं. त्याच्या बाजूने मी जे पुरावे द्यायचो ते खोटे होते.

पहिला पुरावा ऑस्करचा. 'फेलोशिप'ला चार, 'टू टॉवर्स'ला दोन, 'रिटर्न'ला अकरा, मग बोलायचं काय उरलं? तिन्ही चित्रपट न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० असे एकत्रच चित्रित झाले होते, हे मला माहीत होतं. अकादमीने शेवटच्या भागाच्या निमित्ताने सगळ्या कामाला दाद दिली, असं तेव्हाही बरेच जण म्हणत होते. ते मी सोयीने बाजूला ठेवायचो.

दुसरा पुरावा पुस्तकाचा, आणि हा जास्त धारदार होता. 'पुस्तक वाचलंयस का?' एवढं विचारलं की समोरचा निम्मा खचायचा. आमच्यात खरोखर वाचलेला एकच मुलगा होता. त्याच्याकडून मी ऐकलं की पुस्तकात बोरोमिरचा भाऊ फॅरामिर अंगठीच्या मोहात पडत नाही, उलट ती अंगठी नेणाऱ्या फ्रोडोला मदत करून पुढे जाऊ देतो. जॅक्सनने मात्र त्याला फ्रोडोला पकडून ऑस्गिलिअथपर्यंत नेताना दाखवलं. पाठ्यपुस्तकातलं उत्तर घोकावं तसं मी हे घोकलं आणि माझं वाचन म्हणून वापरायला लागलो. 'टू टॉवर्स'ने फॅरामिरची वाट लावली, म्हणून तो सगळ्यात कच्चा चित्रपट, हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याची गणती नाही.

पुस्तक माझ्याकडे होतं. फूटपाथवरून घेतलेला जाडजूड एकत्रित खंड, हजाराहून जास्त पानांचा. मी मराठी माध्यमातला, सातारा जिल्ह्यातल्या गावातला. लेखक टॉल्किनची इंग्रजी मला झेपली नाही. टॉम बॉम्बॅडिलच्या गाण्यांपाशी अडकलो, नेटाने ब्री गावातल्या खाणावळीपर्यंत पोहोचलो आणि थोडं पुढे जाऊन सोडून दिलं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण मला लाज वाटली. वर्गातली शहरातली मुलं सहज इंग्रजी कादंबऱ्या वाचायची आणि त्यांच्यात बसायला मिळावं म्हणून मी पुस्तक काखेत घेऊन फिरलो. बुकमार्क दर आठवड्याला पुढे सरकवायचो.

त्या मे महिन्यात मावशी आणि मावसबहीण साताऱ्याहून पुण्याला आल्या, कोथरूडला मामाकडे उतरल्या. काका, म्हणजे मावसबहिणीचे वडील, २००२ साली गेले होते. त्यानंतर त्या दोघी पहिल्यांदाच कुठेतरी राहायला आल्या होत्या. तिचं मन रमावं म्हणून मी व्हिडिओ लायब्ररीतून तिन्ही चित्रपटांच्या सीडी भाड्याने आणल्या. तीन दुपारी मामाच्या कॉम्प्युटरसमोर बसून आम्ही ते पाहिले. तिने मध्ये एकदाही पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाव घेतलं नाही.

रविवारी संध्याकाळी माझे दोन मित्र आले. गच्चीवर चटया टाकल्या, मामीने भेळ केली, आणि विषय निघायचा तोच निघाला. कोणीतरी तिला विचारलं, तुला कोणता आवडला?

"मला दुसरा," ती म्हणाली. "त्यात तो राजा आहे ना, थेओडेन, त्याचा मुलगा..."

"पुस्तक वाचलंयस का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. मग मी फॅरामिर सुरू केला. पाच-सात मिनिटं बोललो असेन. मामा कौतुकाने बघत होते, मावशी म्हणाली, "अगं, दादाने एवढं मोठं पुस्तक वाचलंय." मी हो म्हणालो. बहिणीच्या बाजूने माझा एक मित्र बोलला की, हेल्म्स डीपला ऐन वेळी एल्फ मदतीला येतात ते तरी मान्य कर. मी उदार झालो. म्हणालो, "ते चांगलंच आहे, कारण ते पुस्तकातलं आहे."

राजाबद्दल ती काय सांगणार होती ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा झाल्यावर तिने ते पुस्तक विकत घेतलं. बक्षिसाच्या पैशातून, शब्दकोश जवळ ठेवून. तीही मराठी माध्यमातलीच होती. दिवाळीला आम्ही साताऱ्याला गेलो तेव्हा फराळाच्या ताटांभोवती सगळे बसलेले असताना तिने अगदी साधेपणाने विचारलं, "दादा, हेल्म्स डीपला एल्फ कुठे येतात? मला सापडलेच नाहीत."

तो क्षण मला स्वच्छ आठवतो. तोंडात चिवडा होता. खरं सांगून टाकायला तेव्हा पाच सेकंद पुरली असती. मी म्हणालो, "नीट वाच. तिथे नसतील तर पुढच्या भागात असतील, मागे वळून सांगितलंय ते."

ती "बरं" म्हणाली.

पहिलं खोटं मी स्वतःची इभ्रत वाचवायला बोललो होतो, त्याचा थोडाफार बचाव करता येईल. या दुसऱ्याचा येत नाही. सोळा वर्षांची मुलगी परकी भाषा शब्दागणिक फोडत वाचते आहे, तिला जे दिसलं ते बरोबर दिसलं आहे, आणि मी तिला सांगतो की तुझंच चुकतंय.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत घरी अडकलो असताना मी ते पुस्तक काढलं. आता इंग्रजी अडत नव्हती. जूनपर्यंत वाचलं, परिशिष्टांसकट. टॉल्किनने ते एकच पुस्तक म्हणून लिहिलं होतं, आतून सहा भागांचं. १९५४-५५ मध्ये ते तीन खंडांत निघालं ते प्रकाशकाच्या खर्चाच्या गणितामुळे. म्हणजे 'तिघांत भारी कोणता' या आमच्या कट्ट्यावरच्या प्रश्नाच्या सीमारेषा लेखकाने आखलेल्याच नव्हत्या. बोरोमिरचा मृत्यू, ज्याच्यावर 'फेलोशिप'वाल्यांचा सगळा दावा उभा होता, तो पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला आहे. शेलॉब ही महाकाय कोळीण दुसऱ्या खंडाच्या शेवटी येते, जॅक्सनने ती तिसऱ्या चित्रपटात नेली. ते चूकही म्हणता येत नाही. शेवटी दिलेला तारखांचा तक्ता पाहिला तर हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्रीची आहे, आणि शेलॉबच्या गुहेनंतर फ्रोडो पकडला जातो १३ मार्चला, मिनास तिरिथच्या वेढ्याच्या वेळेस. पण शेलॉब काढून घेतल्यावर दुसऱ्या चित्रपटात फ्रोडोपुढे शेवटी संकट उरत नाही. पटकथाकारांनी फॅरामिरला अडसर केला तो या गरजेतून. ज्या बदलावरून मी दोन वर्षं लोकांना झोडपलं होतं त्याला कारण होतं. आजही मला पुस्तकातला फॅरामिर जास्त आवडतो, पण हे मत आता माझं आहे.

हेल्म्स डीपचं प्रकरण मी दोनदा वाचलं. एल्फांची फौज येत नाही. नऊ जणांतला लेगोलस तेवढा आहे, बाकी माणसं आणि एक ड्वार्फ. पहाटे जादूगार गँडाल्फबरोबर एर्केनब्रँड नावाचा सरदार पायदळ घेऊन येतो. चित्रपटात गँडाल्फबरोबर येणारा एओमर तर पुस्तकात रात्रभर तिथेच लढत असतो. हाल्डिर आणि त्याचे एल्फ धनुर्धारी ही चित्रपटाची भर.

आणि थेओडेनच्या मुलाचं थडगंही. चित्रपटात शुद्धीवर आलेला राजा मुलाच्या थडग्यापाशी उभा राहतो, हातात पांढरं फूल, आणि आईबापांवर आपलं मूल पुरायची वेळ येऊ नये अशा अर्थाचं बोलून कोसळतो. पुस्तकात थेओड्रेड मेल्याची बातमी आहे, हा प्रसंग नाही. ते बोल सुचवले थेओडेनचं काम करणाऱ्या बर्नार्ड हिल यांनी, मूल गमावलेल्या एका आईच्या तोंडून ऐकून. गच्चीवर लावलेली माझी कसोटी, पुस्तकात आहे का, ती लावली असती तर हा प्रसंग पहिल्याच फटक्यात बाद झाला असता.

मी तिला फोन केला. ती आता साताऱ्यातच शिकवते. म्हणालो, "हेल्म्स डीपला एल्फ येत नाहीत."

"माहितीय," ती म्हणाली. "तू वाचलं नव्हतंस तेही माहीत होतं. त्या दिवाळीनंतर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आई सगळ्यांना सांगायची ना, दादाने वाचलंय म्हणून. तिला किती बरं वाटायचं."

गच्चीवर ती काय सांगणार होती, ते मी तेव्हा विचारलं. सोळा वर्षांनी. तिने सांगितलं, फार सावकाश नाही, जणू कालच विचारलंय. काका गेल्यावर त्यांची आई, म्हणजे तिची आजी, कुणाशी बोलेनाशी झाली होती. घरात येणारा प्रत्येक जण मावशीचं आणि मुलीचं सांत्वन करायचा, आजीपाशी कोणी बसायचं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला काय म्हणायचं ते कुणाला कळत नव्हतं. मामाच्या कॉम्प्युटरवर तो राजा थडग्यापाशी कोसळताना पाहून तिला पहिल्यांदा कळलं की आजीच्या मनात काय चाललंय. साताऱ्याला परत गेल्यावर ती रोज संध्याकाळी आजीजवळ जाऊन बसायला लागली. आजी २००९ मध्ये गेली, तोवर.

"एवढंच सांगायचं होतं," ती म्हणाली. "म्हणून दुसरा आवडला."

मी माफी मागितली. तिने "असू दे रे" म्हटलं, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. मला मात्र ते इतक्या सहज मिळावं असं वाटत नव्हतं.

बर्नार्ड हिल २०२४ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा सकाळी तिचाच मेसेज आला होता. त्या दिवाळीला मी तिच्याकडून तिची प्रत वाचायला मागून आणली. कडांना पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले आहेत, सुरुवातीला ओळीओळीला, पुढे विरळ होत गेलेले. हेल्म्स डीपच्या प्रकरणात एका बाजूला लिहिलंय, 'एल्फ?' आणि त्याखाली, वेगळ्या टोकाच्या पेन्सिलीने, पुन्हा एकदा, 'एल्फ?'

तिथून पुढचा, चौथा भाग फक्त फ्रोडो, सॅम आणि गॉलमचा आहे. दलदल, इथिलिएन, पायऱ्यांचा कडा. हेल्म्स डीपचा तिथे संबंधच नाही. त्या दहाही प्रकरणांच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, तिने लिहून ठेवलंय : 'इथेही नाही.'