पत्ता दिसावा

पत्रावर पत्ता कसा लिहावा, हे पूर्वी शाळेत शिकवीत असत; परंतु आपला पत्ता दुसऱ्यास कसा द्यावा, हे कोणी शिकविल्याचे आमच्या स्मरणात नाही. कार्डपाकिटांच्या काळात त्यावाचून फारसे अडलेही नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतील सहा आकडी पिनकोड मदतीस आला. आणि एखादे अक्षर चुकले तरी आमच्या बोरी अरबचा पोस्टमन घर शोधून काढी. ई-मेलला असा पोस्टमन नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी मनुष्याचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये जे वाटोळे चिन्ह योजिले, त्याच्या अलीकडचे वा पलीकडचे एक अक्षर चुकले, की पत्र परत येते किंवा भलत्याच्याच हाती पडते. म्हणून संकेतस्थळावर पत्ता देणाराची जबाबदारी अधिक.

गतवर्षी आमच्या शेजारच्या एका मुलीस शिष्यवृत्तीच्या अर्जातील नावाची चूक दुरुस्त करून घ्यावयाची होती. मुदतीस दोन दिवस उरले होते. संबंधित कार्यालयाच्या पानावर ‘संपर्क साधा’ एवढीच निळी अक्षरे. बाजारातील संगणकाच्या दुकानात तिने त्यांवर टिचकी मारली, तो त्या यंत्रातील कधीच न वापरलेला पत्रांचा प्रोग्राम उघडला आणि खात्याचे नाव व पासवर्ड मागू लागला. पत्ता मात्र डोळ्यांस कोठेच दिसेना. अखेर आईची दिवसाची मजुरी बुडवून दोघी एस.टी.ने यवतमाळास गेल्या. काम पाच मिनिटांचे निघाले!

टिचकीसरशी पत्र उघडणाऱ्या दुव्याची तरतूद १९९४ च्या नियमांतच आहे, व ती सोयीचीही आहे. परंतु प्रत्येकाच्या यंत्रात पत्रांची व्यवस्था लावलेली असते, हे तिचे गृहीतच आपल्याकडे पुष्कळदा लटके ठरते. यास्तव संपूर्ण पत्ता अक्षरांत छापावा आणि त्याच अक्षरांस दुवा जोडावा. ज्यास साधेल तो दाबील, ज्यास न साधेल तो उतरून घेईल. पान कागदावर छापले तरी पत्ता शाबूत राहील. पत्ता व्यक्तीचा नसून हुद्द्याचा असावा, म्हणजे बदलीने तो मरत नाही. कोणत्या कामास लिहावे व उत्तर किती दिवसांत येईल, हेही शेजारीच सांगावे.

नको असलेल्या जाहिरातींच्या भयाने कित्येक जण पत्त्याचे चित्र करून लावितात. परंतु अंधांस पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रास चित्रातील अक्षरे सहसा उमगत नाहीत, आणि डोळसांसही ती उतरून घेताना चुका होतात. जाहिराती गाळण्याचे काम पत्र घेणाराने आपल्या दारी करावे. त्याचा भार लिहिणारावर का?

संकेतस्थळाच्या चालकांनी एकदा परक्याच्या यंत्रावर आपलेच पान उघडावे आणि तेथून स्वतःस एक पत्र धाडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.