परीक्षेच्या दिवसांतील सोबती

परीक्षा जवळ आली कीं घरांतील साऱ्या कादंबऱ्या कपाटांत कोंडावयाच्या, असा आमच्या एकत्र कुटुंबाचा दंडक. आणि किल्ली आमच्याकडे. यंदा थोरल्या बंधूंचे चिरंजीव बारावीस होते. एके रात्रीं तासभर एकाच पानावर खिळलेली त्यांची नजर पाहून आम्हांस आमच्याच शिस्तीची लाज वाटली. आम्हीं कपाट उघडलें व टॉल्कीन यांची ‘द हॉबिट’ (१९३७) ही अद्भुत कादंबरी त्यांच्या हातीं दिली.

हिचा जन्मच परीक्षेंतला! ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक उत्तरपत्रिका तपाशीत असतां कोणा विद्यार्थ्यानें कोरें सोडलेलें पान त्यांस आढळलें. त्यावरच त्यांनीं कथेचें पहिलें वाक्य लिहिलें. नायक बिल्बो घरकोंबडा, जेवणाच्या वेळा जपणारा. तोही १३ बुटक्यांसह आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या गुहेकडे जातो, पण भीत भीतच.

प्रकरणें १९. रोज निजण्यापूर्वीं एकच वाचावें, असा आम्हीं करार केला. चौथ्या रात्रीं चिरंजीव दिवा मालवून स्वस्थ झोंपले. गुण किती मिळाले, हें आम्हीं मुद्दामच सांगत नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरच्या कपाटाची किल्ली तेवढी शोधून ठेवावी.