पुढील आदेशापर्यंत

मराठी माणसाने बर्फाविषयी तक्रार करावी, याचे आमच्या घरच्या मंडळींना अजून हसू येते. "लोक पदरचे पैसे खर्चून जे पाहावयास जातात, ते सरकारने तुला फुकट दाखविले, आणि वर तू कुरकुरतोस!" असे आमचे वडील फोनवर म्हणाले होते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. सिमल्यास नेमणूक झाली त्या वर्षी पहिला हिमवर्षाव होताच आम्हीही अंगणात धावलो होतो, ओंजळीत बर्फ धरून छायाचित्रे काढविली होती आणि ती खडकीस धाडली होती. पण ती गोष्ट पहिल्या हिवाळ्याची. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे, खिडकीचा पडदा सारताच समोरचे देवदार शुभ्र झालेले दिसले आणि आमच्या तोंडून जो शब्द निघाला, तो या मासिकात छापण्याजोगा नाही. त्या दिवशी सकाळी आठ वाजता हॉकीचा सामना होता.

हॉकी म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद उभे राहतील. आमच्याही डोळ्यांपुढे पूर्वी तेच उभे राहत असे. आमचे बालपण खडकीस गेले. धनराज पिल्ले यांची ती जन्मभूमी. तेव्हा तेथील प्रत्येक पोराच्या हाती एखादी वाकडी काठी असे आणि आपल्यातला धनराज कोण, यावर रोज भांडण असे. आम्ही त्या भांडणात कधीच नव्हतो, कारण आम्ही कायम गोलात उभे असू. पावसाने सामना बुडणे हा अनुभव आम्हांस तेव्हापासूनचा आहे. पण पाऊस हा आपल्याकडचा जुना देणेकरी. तो येणार हे ठाऊक असते आणि आल्यावर कोणाला आश्चर्य वाटत नाही. बर्फावर खेळावयाचा खेळ बर्फानेच बुडावा, हे मात्र आम्हांस सिमल्यास येईपर्यंत स्वप्नातही सुचले नसते.

लक्कड बाजाराच्या खाली, डोंगराच्या उत्तरेकडील उतारावर, सिमल्याची स्केटिंग रिंक आहे. ती 1920 साली सुरू झाली. ब्लेसिंग्टन नावाच्या एका साहेबाच्या टेनिस कोर्टावर नळाचे पाणी रात्रभर सांडून गोठले, आणि त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा तेथे सांगतात. म्हणजे एका गळक्या नळापासून एवढी मोठी संस्था उभी राहिली. आमच्या वसाहतीतले नळ तितकेच गळके होते. पण तेथून तक्रारवहीखेरीज काही उभे राहिलेले आम्ही पाहिले नाही.

या रिंकेत बर्फ करण्याचे यंत्र नाही. संध्याकाळनंतर माणसे नळीने जमिनीवर पाण्याचा पातळ थर पसरतात आणि तो गोठला की त्यावर दुसरा. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची ऊब वर निघून जाते आणि सकाळपर्यंत काचेसारखा टणक, निळसर पृष्ठभाग तयार होतो. आभाळ आले की तेच आभाळ पांघरुणासारखे होते. ऊब खालीच राहते आणि पाणी पाणीच राहते. आणि हिमवर्षाव झाला, तर मग पाहावयासच नको. भुरभुरते हिम म्हणजे बहुतांशी हवा. ते बर्फावर साचले की गोधडी घातल्याप्रमाणे खालचा थर थंड होऊ देत नाही. वेळीच खरवडले नाही तर थोडे वितळून, पुन्हा गोठून, खालच्या काचेला घट्ट चिकटते आणि जागोजाग फोड आल्यासारखा पृष्ठभाग होतो. त्यावर स्केट अडतो, चकती उडते आणि खेळणारा तोंडावर पडतो. आमचे एक शेजारी, मूळचे साताऱ्याचे, हे समजावून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे बर्फाला हिमाचे वावडे!" यापेक्षा नेमके आम्हांस सांगता येणार नाही.

या खेळाचे वेड आम्हांस कसे लागले, ते सांगणे कठीण आहे. प्रथम आम्ही तेथे उन्हासाठी गेलो. रिंकेवर ऊन नव्हते, खेळ होता. एका बाजूला सहा खेळाडू. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबराची चकती, जी नवख्याला पहिले चार दिवस दिसतच नाही. लोक ओरडले म्हणजे गोल झाला, असे समजावयाचे. पण एकदा ती दिसू लागली की दुसरे काही दिसत नाही. आमच्या इमारतीतील चारही मराठी कुटुंबे त्या वेडात सापडली. शनिवारी सकाळी पोह्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन आम्ही कठड्याशी उभे राहत असू.

ज्या सामन्याची ही हकीकत आहे, तो मुलींचा होता. गावातल्याच दोन संघांचा; त्याला चषक नव्हता, पाहुणे नव्हते. पण भारतातील मुलींची बर्फावरची हॉकी अशाच ठिकाणी वाढली आहे. 2025 साली अल ऐन येथे आशिया चषकात भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळविले. त्या संघातील बहुतेक मुली लडाखच्या आणि आमच्या शेजारच्या लाहौल-स्पीतीच्या होत्या. गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या मुली त्या. सिमल्याच्या त्या सामन्यात एका संघाची गोलरक्षक सतरा वर्षांची होती. उन्हाळ्यात ती शिक्षणासाठी चंदीगडास जाणार होती, आणि हा तिचा त्या गावातला शेवटचा सामना होता. तिचे आजोबा कठड्याशी आमच्या शेजारीच उभे राहत. सगळे त्यांना ताऊजी म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. जुना गोलरक्षक म्हणून आम्हांस त्या मुलीविषयी अधिक आत्मीयता होती. तिचा डावा हात जरा उशिरा येतो, हे आम्ही ताऊजींना दोनदा सांगितले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी प्रथमच ऐकल्याप्रमाणे मान हलविली होती.

तर त्या शनिवारी आम्ही गुडघाभर बर्फातून घसरत, सावरत रिंकेवर पोहोचलो. फाटकावर हाताने लिहिलेला कागद चिकटविलेला होता. हिमवर्षावामुळे आजचा सामना अगले आदेश तक स्थगित.

त्यानंतर तासभर जे झाले, ते पाहून कोणी म्हणाले नसते की हे सर्व शासकीय सेवेतील जबाबदार गृहस्थ आहेत. साताऱ्याचे शेजारी म्हणाले, रात्रीच दोनदा झाडले असते तर ही वेळ आली नसती. दुसरे म्हणाले, वेधशाळेने दोन दिवस आधी पश्चिमी विक्षोभाचा इशारा दिला होता, सामना गुरुवारीच उरकावयास हवा होता. तिसऱ्यांनी बारमाही रिंकेचा जुना विषय काढला, जो आम्ही सिमल्यास आल्यापासून ऐकत होतो. आम्ही स्वतः फावडे मागितले. तेथल्या माणसाने शांतपणे दिले. दहा मिनिटे खरवडल्यावर जेमतेम सतरंजीएवढी जागा मोकळी झाली. आणि वरून पडत होतेच. वळून पाहतो तो आरंभीची जागा पुन्हा पांढरी झालेली. मुली साहित्याच्या पिशव्यांवर बसून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांना हसू आले असावे, पण वडीलधारी माणसे म्हणून त्यांनी ते आवरले.

वर रिजवर पर्यटकांचा आनंद ओसंडून वाहत होता. एक नवपरिणीत जोडपे बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकीत होते. त्यांतला एक आम्हांस लागला, आणि तो गृहस्थ चक्क मराठीत म्हणाला, "सॉरी हं काका, पण काय सुंदर आहे ना!" तिशीतल्या माणसास काका म्हटल्याचे दुःख त्या दिवशी आम्हांस जाणवलेही नाही.

घरी येऊन आम्ही, दुःखी माणसे करतात त्याप्रमाणे, आपल्याहून अधिक दुःखी कोण झाले, याचा शोध घेतला. अमेरिकेत हा खेळ छपराखाली, यंत्राने केलेल्या बर्फावर होतो. तेथे तरी हिमाचे भय नसावे, अशी आमची समजूत. परंतु 2014 च्या नोव्हेंबरात बफेलो शहरी इतके हिम पडले की 21 तारखेचा न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघाशी ठरलेला सामना पुढे ढकलावा लागला. आत बर्फ जय्यत तयार. बाहेरच्या हिमाने रस्ते बंद. याउलट 22 जानेवारी 1987 रोजी न्यू जर्सीत हिमवादळ असूनही सामना झाला. सुरू होण्यास पावणेदोन तासांहून अधिक उशीर झाला आणि त्या प्रचंड प्रेक्षागारात मोजून 334 माणसे आली. यजमानांनी कॅलगरीच्या संघास 7-5 असे हरविले. त्या 334 जणांचे पुढे मंडळच मानले जाऊ लागले. हे वाचून आमचे समाधान होण्याऐवजी मत्सरच वाटला. आम्हीही पोहोचलो होतो की! मोजले असते तर आम्ही तेथे एकवीस जण होतो.

पण या साऱ्या गोष्टींआधी, फाटकापाशीच, जे घडले ते सांगावयाचे राहिले. खरे तर ते सांगणे आम्ही लांबणीवर टाकीत आहो. फावडे परत देऊन आम्ही त्या कागदापुढे उभे राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "अगले आदेश तक म्हणजे केव्हा? उद्या? आठवड्याने? माणसाने रोज येऊन का पाहावयाचे? एक तारीख सांगावयास काय जाते यांचे?" हे आम्ही हिंदीत म्हणालो आणि बरेच तावातावाने म्हणालो. ताऊजी शेजारी उभे होते. टोपीवरचे बर्फ झटकीत ते हसले आणि म्हणाले, "तारीख तो, बाबूजी, कोई नहीं बताता."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

ताऊजी केंद्राच्याच एका खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या फेरनिश्चितीचे प्रकरण आमच्या शाखेत, आमच्याच मेजावर होते. कठड्याशी ओळख होण्यापूर्वी ते दोनदा कचेरीत आले होते आणि दोन्ही वेळा आम्ही त्यांस 'प्रकरण विचाराधीन आहे' असे सांगितले होते. आपण हे वाक्य जसे म्हणतो तसेच म्हणालो असू, समोरच्या माणसाच्या खांद्यावरून मागच्या घड्याळाकडे पाहत. पुढे दोन हिवाळे ते आमच्याशेजारी उभे राहिले, आमच्या डब्यातले पोहे त्यांनी खाल्ले, आपल्या नातीच्या डाव्या हाताविषयी आमची मते ऐकून घेतली. पण त्या प्रकरणाचा शब्द त्यांनी रिंकेवर काढला नाही. आम्हीही काढला नाही. कचेरीचे काम कचेरीत, या तत्त्वाचा आम्हांस अभिमान होता.

सोमवारी आम्ही ती फाईल उघडली. आक्षेप आमच्याच अक्षरात होता: सेवापुस्तकाच्या दोन पानांवर रुजू झाल्याची तारीख निराळी आहे, मूळ नेमणूकपत्राची प्रत मागवावी, तोपर्यंत प्रकरण स्थगित. प्रत आलेली होती. ती पत्रव्यवहाराच्या बाजूस, एका निराळ्याच पत्राच्या मागे टाचलेली होती. आवक शिक्का चौदा महिन्यांपूर्वीचा. कोणी लपविली नव्हती, कोणी पैसे मागितले नव्हते. फाईल वर यावी असे कोणी म्हणाले नाही, म्हणून ती वर आली नाही, इतकेच. त्याच दिवशी आम्ही टिपण लिहिले, खाली तारीख जरा ठळक घातली आणि फाईल पुढे पाठविली. हे मोठे कर्तव्य बजावले असे आम्हांस सुचवावयाचे नाही. त्यास आम्हांस पाऊण तास लागला.

सामना झाला नाही. मंगळवारी ऊन पडले, पण रात्री पुन्हा ढग आले. गुरुवारी मुलांनी आणि रिंकेच्या माणसांनी मिळून सगळे हिम काढले; खालचा थर पिठूळ झाला होता. रविवारी चक्क पाऊस पडला. जुने लोक म्हणतात, पूर्वीचे हिवाळे निराळे होते, एकदा जमलेला बर्फ फेब्रुवारी सरेपर्यंत हलत नसे. आम्ही पाहिलेल्या तीन हिवाळ्यांत तो आठवडाभरही सलग टिकला की आम्ही एकमेकांचे अभिनंदन करीत असू. फेब्रुवारीच्या मध्यास रिंकेवर पाण्याची डबकी होती, त्यांत देवदारांची प्रतिबिंबे दिसत, आणि गोलाच्या जाळ्या गुंडाळून कठड्याला टेकवून ठेवल्या होत्या. ती मुलगी एकदा दिसली. आम्ही तिला, बर्फ जमला तर सामना होईल का, असे विचारले. ती म्हणाली, समोरच्या संघातल्या दोघी परीक्षेसाठी गेल्यासुद्धा.

एप्रिलात आमच्या बदलीचा हुकूम आला. सामान बांधून झाल्यावर आम्ही एका संध्याकाळी लक्कड बाजारातून मुलासाठी लाकडी खेळणे घेतले आणि तसेच खाली रिंकेपर्यंत गेलो. फाटकावर तो कागद अद्याप होता. शाई ओघळली होती, तारीख पार गेली होती. ताऊजी बाकावर ऊन खात बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली.

"कोठे बदली?" त्यांनी विचारले.

"विशाखापट्टणम."

"समुद्र आहे तिथे. बर्फ नाही."

"नाही."

थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प बसलो. मग आम्ही म्हणालो, "ताऊजी, ती तुमची फाईल…"

त्यांनी हात वर केला. "मालूम है, बाबूजी. अब अगली मेज़ पर है."

ऊन डोंगराआड गेले, तेव्हा ते उठले. फाटकापाशी येताच सवयीने त्यांनी एकवार त्या कागदाकडे पाहिले आणि, तिच्या डाव्या हाताचे आता चंदीगडात कोण पाहणार, असे म्हणत चढणीला लागले.